घटातल्या म्हाताऱ्या

अर्धं खरं सांगायची सवय माणसाला कधी ना कधी तोंडावर आपटते. किशोरी घरतला तिनं आपटलं ते थेट देवीच्या घटासमोर.

"या डब्यात काय हाय गं?" आईनं विचारलं होतं, आणि किशोरीनं तोंडातला पोह्यांचा घास गिळत सांगितलं होतं, "माती हाय, आये. आपल्या शेतातली. तपासायला ठेवलीय."

यात एक अक्षरही खोटं नव्हतं. डब्यात मातीच होती. ती कोन गावातल्या घरतांच्याच बांधावरची होती आणि तपासायची तर होतीच. फक्त त्या मातीत गोचिडी होत्या, एवढं सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे तिनंच राहू दिलं.

त्याला कारणही तसंच होतं. सात-आठ वर्षांपूर्वी त्या बांधावर गुणाबाईचं खुराडं होतं. गुणाबाई म्हणजे किशोरीची आई. कोंबड्यांवर तिचा इतका जीव, की लेकीला ताप आला तर एक गोळी देऊन मोकळी व्हायची आणि कोंबडी गप्प बसली तर दिवसभर तिच्यामागे फिरायची. त्या खुराड्यात गोचिडी झाल्या. सकाळी दार उघडावं तर तुरे पांढरेफटक, माना खाली. एकेक करत सगळ्या कोंबड्या गेल्या. गुणाबाईनं खुराड्यावर रॉकेल ओतलं आणि ते पेटवून दिलं. "वंश बुडवला मेल्यांचा," असं ती नंतर कितीतरी दिवस शेजारणींना सांगत असे.

वंश काही बुडाला नव्हता. पनवेलच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकणाऱ्या तिच्या लेकीनं काडी लागायच्या आधी खुराड्याच्या कोपऱ्यातली माती डब्यात भरून घेतली होती, आणि तेव्हापासून ती सरकारी शिष्यवृत्तीवर त्या गोचिडींचा संसार चालवत होती. हे आईला कोणत्या तोंडानं सांगणार?

या गोचिडी गुरांच्या कानाला चिकटून टंच फुगतात त्यातल्या नव्हेत. या मातीत आणि लाकडाच्या फटीत राहतात. काळोख पडला की निघायचं, झोपलेल्या कोंबडीचं रक्त प्यायचं आणि फटीत परत जाऊन महिनोन्‌महिने, वेळ पडली तर वर्ष वर्ष उपाशी बसायचं. किशोरीला त्यांच्या उपासाचं एवढं काही वाटत नव्हतं. तिला कोडं पडलं होतं ते त्यांच्या म्हातारपणाचं. तिच्याकडे लॅबमध्ये गोचिडींची दोन घराणी होती. एक कोनचं, आईच्या खुराड्यातलं. दुसरं उरणजवळच्या मोऱ्याचं, धक्क्यामागच्या एका कोळणीच्या खुराड्यातून आणलेलं. दोघांना कोंबड्या त्याच, ऊब तीच, माती तीच. तरी मोऱ्याच्या माद्या चार-पाच वर्षांत थकायच्या. पाय ओढत चालायच्या, अंडी कमी व्हायची आणि एक दिवस उताण्या पडलेल्या दिसायच्या. कोनच्या मात्र ढिम्म. म्हणजे फरक खाण्यापिण्यात नव्हता, रक्तात होता. शास्त्राच्या भाषेत, जनुकांत होता.

मग तिनं दोन घराण्यांच्या सोयरिकी लावून पाहिल्या. कोनची मादी आणि मोऱ्याचा नर असला की लेकी आईसारख्या चिवट निघत. उलट केलं की ती चिवटाई येत नसे. आईकडून लेकीला काहीतरी मिळत होतं, अंगाची झीज भरून काढणारं आणि म्हातारपणातही न विझणारं. ते नेमकं काय, हे शोधायला खुराड्यातून आणलेल्या त्या पहिल्या माद्याच हव्या होत्या, तेही जिवंत, आणि त्यांच्या अंड्यांची एक शेवटची खेप. अशा सात उरल्या होत्या. किशोरीनं त्यांच्या पाठीवर राणी रंगाच्या नेलपॉलिशचा एकेक ठिपका दिला होता. लॅबमध्ये त्यांना सगळे 'म्हाताऱ्या' म्हणत. त्या गेल्या तर पुन्हा मिळायच्या नव्हत्या, कारण खुराडं जळलं होतं, शेत विकलं गेलं होतं आणि बांध होता तिथं आता एका टॉवरचं पार्किंग होतं. त्या गेल्या की किशोरीची पीएचडीही गेली.

पावसाळ्यात लॅबचा स्लॅब गळायला लागला आणि भाद्रपदाच्या शेवटी प्लास्टरचा एक पोपडा मायक्रोस्कोपवर कोसळला. दुरुस्ती निघाली. धनेश सर म्हणजे किशोरीचे गाइड. त्यांनी जे जे हलवता येईल ते हलवायला सांगितलं. मोऱ्याचे डबे मैत्रीण घेऊन गेली आणि म्हाताऱ्यांचा डबा किशोरीनं आपल्या घरी आणला. लॅबमध्ये इतकी वर्षं काढलेल्या त्या, रोगराई नव्हती, आणि त्यांना काही खायलाही घालायचं नव्हतं. सहा महिने तिनं त्यांना मुद्दाम उपाशी ठेवलं होतं. दुरुस्ती झाली की कोंबडीवर सोडायच्या, पोटभर रक्त प्यायल्या की त्या अंडी घालणार, असा सगळा बेत होता. डबा पोटमाळ्यावर गेला आणि किशोरी निर्धास्त झाली.

इथं नवरात्र आलं.

घट मांडायचा तर माती शेतातलीच लागते. परडीत ती पसरायची, त्यात धान्य पेरायचं, मधे पाण्याचा घट ठेवायचा. नऊ दिवसांत रोप किती वर आलं त्यावर वर्ष कसं जाणार ते ठरतं. शेत होतं तोवर कुणी मातीचा विचारही केला नव्हता. आता एक वर्ष शेजाऱ्यांकडून मागून आणली, एक वर्ष भावकीतल्या कुणाकडून तरी. गेल्या वर्षी तर गुणाबाईनं नर्सरीतून प्लास्टिकची पिशवी विकत आणली. त्यात मातीपेक्षा नारळाचा भुसाच जास्त. रोप उगवलं ते पिवळंफटक, आणि थोरल्या जावेनं ते बघून "अगो बाय!" एवढंच म्हटलं होतं. ते "अगो बाय" गुणाबाईच्या काळजात वर्षभर रुतून बसलं होतं.

पहिल्या माळेच्या दिवशी संध्याकाळी किशोरी कॉलेजातून घरी आली तर मोरीच्या कठड्यावर एक डबा धुऊन पालथा घातलेला. झाकणावर बारीक जाळी. अशी जाळी लावलेला डबा अख्ख्या कोनमध्ये एकच होता.

"आये, यातली माती कुठं हाय?"

गुणाबाई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जे किशोरीनं वडील गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

"तू मना सांगितलं पन नाय! मी आपली परत ती पिशवी आनायला निघाली व्हती. मंग आठवलं, तू म्हनलीवतीस, शेतातली माती हाय. काढून बगते तर काय, तीच. हातात घेतली ना, पोरी, तर मना भरूनच आलं." तिचे डोळे खरंच पाण्यानं भरले. "तुज्या बापाचा हात लागलेली माती. देवीच्या पायाशी घातली. तू राखून ठेवलीस, लय पुन्याचं काम केलंस."

किशोरी तशीच देवघराकडे धावली.

देवघराच्या खोलीत घट मांडलेला होता. जुन्या लाकडी पाटावर वेताची परडी, परडीत ती काळी माती, मधोमध घट, वर झेंडूची पहिली माळ, बाजूला नंदादीप. आणि शेजारी सतरंजीवर काळूराम काका, वडिलांचा धाकटा भाऊ. वडिलांच्या मागं घटाला तोच बसायचा. नऊ दिवस उपास, तंबाखू बंद, झोपायचं ते घटाशेजारी जमिनीवरच. माती ओली होती. आत्ताच पाणी शिंपलेलं होतं, आणि खरा धोका तोच होता. म्हाताऱ्या वर्षभर उपाशी राहतील, पण ओल सहन करायच्या नाहीत. ओल आली की बुरशी धरते आणि बुरशी धरली की संपलंच.

तिनं अंगणात जाऊन धनेश सरांना फोन लावला. घडलं ते सगळं सांगितलं.

"परडी उचलून चाळता येणार नाही का?" सरांनी विचारलं.

"सर, मांडलेला घट हलवत नाहीत."

"ते मला माहीत आहे गं. आमच्याही घरी घट आहे." सरांनी सुस्कारा सोडला. "काय बोलणार? आठ वर्षांचं काम, आणि ते देवीच्या ताब्यात. पण एक सांगतो. सहा महिन्यांच्या भुकेल्या गोचिडी आहेत, आणि घरात माणसं झोपतात. आईला सांग. आजच सांग."

त्या दिवशी काही तिला धीर झाला नाही. सांगितलं दुसऱ्या दिवशी सकाळी, मागच्या दारी, गुणाबाई तांब्याची भांडी चिंचेनं घासत असताना. किशोरीनं सगळं एका दमात सांगून टाकलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

चिंचेचा हात तांब्यावर थांबला.

"त्याच?" गुणाबाईनं विचारलं. "मंजे त्यांची पिलावळ?"

"पिलावळ पन हाय. पन सात जनी त्याच हायत, आये. त्याच जुन्या."

"माज्या कोंबड्यांचं रगत पिऊन गेल्या त्याच?"

"हो."

"मी जालल्या त्या."

"तू जालायच्या आदी मी काढून घेतल्या."

गुणाबाई ओरडली असती तर किशोरीला बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही. तिनं तांब्या पाण्यात बुडवला, विसळला, उन्हात पालथा ठेवला. मग म्हणाली, "आठ वरसं तू माज्या वैरिनी पोसल्यास. आनि मी काल देवीफुडं उभी राहून तुजं नाव घेतलं."

"आये, मी..."

"घट हलनार नाय." गुणाबाईनं दुसरं भांडं ओढलं. "काय जगायचं मरायचं ते तिच्या पायाशी."

त्यानंतर ती लेकीशी बोललीच नाही. चहा ठेवायची, पण "घे" म्हणायची नाही. किशोरीला वाईट वाटलं, मग रडू आलं, आणि मग स्वतःचाच राग आला. पहिल्याच दिवशी पूर्ण सांगितलं असतं तर डबा उघडलाच गेला नसता. आईनं चार शिव्या घातल्या असत्या आणि विषय मिटला असता.

तिसऱ्या माळेला मात्र तिनं एक गोष्ट पाहिली. सकाळची पूजा करताना गुणाबाईनं फुलपात्रात पाणी घेतलं, देवीला हात जोडले आणि पाणी शिंपलं ते फक्त परडीच्या कडेकडेनं. घटाच्या बुडाशी माती कोरडीच राहिली. शिंपून झाल्यावर तिनं दारात उभ्या असलेल्या लेकीकडे बघितलंही नाही. किशोरी माघारी वळली आणि अंगणात जाऊन तिनं डोळे पुसले.

चौथ्या दिवशी काळूराम काका पोटरी खाजवत बाहेर आला.

"वयनी, ढेकून झालेत का गं घरात? बग, कसा चट्टा उटलाय."

किशोरीनं काकाचा पाय धरला आणि उजेडाकडे फिरवला. पोटरीवर वाटोळा लाल चट्टा, मधोमध सुईच्या टोकाएवढा काळसर ठिपका. ढेकणाचा चट्टा असा नसतो. असा चट्टा एकाच प्राण्याचा असतो, आणि किशोरीनं तो आठ वर्षं कोंबड्यांच्या अंगावर पाहिला होता. तिला इतका आनंद झाला, की काकाची पोटरी हातात धरून ती लहान पोरीसारखी हसायलाच लागली.

"काय गो, चुलत्याला चावलं तर हसतेस?"

आता मात्र ती अर्धं सांगायला तयार नव्हती. काकाला तिनं सगळं सांगितलं: डबा, माती, खुराडं, म्हाताऱ्या, आणि हेही की त्याला चावली ती गोचीड होती. गुणाबाई चुलीपाशी पाठ करून उभी होती, पण तिच्या हातातलं उलथनं हलत नव्हतं. काकानं ऐकून घेतलं. हनुवटी खाजवली, मग पोटरी.

"विष नाय ना?"

"नाय. खाज येईल. मलम देते. पन काका, आजपासून आतल्या खोलीत खाटेवर झोपा."

"खुळी झालीस?" काका ताठ झाला. "घटी बसलोय मी. नऊ दिवस अन्न सोडलंय, तंबाखू सोडलीय, नि तुज्या गोचिडीला भिऊन खाटेवर जाऊ? देवीच्या घटातून आल्यात ना? मंग तिच्याच त्या. दोन थेंब रगत गेलं तर माजा काय डोंगर खचत नाय."

"भावजी, ऐका पोरीचं," गुणाबाई पाठमोरीच म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून किशोरीबद्दल तिनं काढलेले हे पहिले शब्द होते.

काका ऐकणाऱ्यातला नव्हता. त्या दिवसापासून रोज सकाळी तो लुंगी गुडघ्यापर्यंत वर करून नवे चट्टे दाखवायचा. सैन्यातून सुट्टीवर आलेला शिपाई मेडलं दाखवतो तसा. घोट्याजवळ एक, मांडीवर दोन, कोपराला एक. किशोरी मलम लावायची आणि मनातल्या मनात मोजायची. भावकीतली बायामाणसं आरतीला यायची तेव्हा काका चट्टे झाकून बसायचा, आणि परडीतलं रोप बघून बायका म्हणायच्या, "काय पीक आलंय गुणाबाई! माती कुठली आनलीस?" आणि येणार का नाही? खुराड्यातली वर्षानुवर्षांची कोंबडीची विष्ठा मुरलेली माती ती. रोप वीतभर आलं होतं, हिरवंगार, दाट. थोरल्या जावेनं ते बघितलं आणि या वेळी ती काहीच म्हणाली नाही.

सातव्या माळेनंतर चट्टे थांबले. काका सकाळी उठून लुंगी वर करायचा आणि निराश व्हायचा. किशोरीचीही झोप उडाली. याचे दोन अर्थ होते. पोटभर रक्त मिळालं की मादी फटीत जाऊन बसते आणि अंडी घालायला लागते, पुन्हा चावायला येत नाही. हा एक अर्थ. दुसरा असा, की पाणी शेवटी घटाच्या बुडाशी पोचलं होतं. मातीचा घट पाझरतोच, त्याला गुणाबाई तरी काय करणार? सरांनी फोनवर दोन्ही अर्थ मान्य केले. ते तिला धीर द्यायचा प्रयत्न करत होते, पण त्यांचा आवाजच पडला होता.

दसऱ्याच्या सकाळी पूजा झाली, घट उठला. काकानं रोपाचा तुरा टोपीत खोवला, एक किशोरीला वेणीत खोवायला दिला. मग गुणाबाईनं आठ दिवसांत पहिल्यांदा लेकीकडे सरळ बघितलं आणि परडी तिच्या हातात दिली.

"ने."

किशोरीनं ओटीवर वर्तमानपत्र पसरलं, माती सुपात घेतली आणि हलक्या हातानं चाळायला बसली. मुळांचं जाळं झालं होतं. ते एकेक करून सोडवायचं, ढेकूळ फोडायचं, बोटानं पसरायचं. पहिली गोचीड मिळाली ती लहान होती, बिनठिपक्याची, अंगावर पांढरी बुरशी. दुसरी तशीच. मग पाच-सहा एकदम, सगळ्या मेलेल्या. सूप रिकामं झालं, दुसऱ्यांदा भरलं, परडीच्या वेतांतून काडी फिरवून झाली. राणी रंगाचा एकही ठिपका नाही. जिवंत नाही आणि मेलेलाही नाही.

काका शेजारी उकिडवा बसून बघत होता. "नाय?" त्यानं हळूच विचारलं.

किशोरीनं मान हलवली आणि मग तिला रडण्याला बांध घालता आला नाही. आठ वर्षं डोळ्यांपुढून गेली. धरलेल्या कोंबड्या, लावलेल्या सोयरिकी, रविवारी उघडलेली लॅब, "लग्नाचं काय?" विचारणाऱ्या आत्या. ती मातीत हात ठेवूनच रडली.

मागच्या दारी गुणाबाई घटाचा पाट धुवायला घेऊन बसली होती. शेंदूर, तेल, हळद असं सगळं नऊ दिवसांत लाकडात मुरतं, ते गार पाण्यानं निघत नाही. म्हणून तिनं कढत पाण्याचं तपेलं भरून घेतलं होतं. वरची बाजू घासून झाली. तिनं पाट उलटा केला, तपेलं उचललं आणि ते तसंच हातात राहिलं.

"किशे."

आठ दिवसांनी नाव आलं होतं. किशोरी पदर न सावरता, चप्पल न घालता तशीच धावली.

पाटाच्या खालच्या बाजूला दोन आडव्या पट्ट्या असतात, ज्यांवर पाट उभा राहतो. पट्टी आणि फळी यांच्या सांध्यात जुनी फट होती. त्या फटीत दाटीवाटीनं, एकमेकींना खेटून, चपट्या करड्या गोचिडी बसल्या होत्या आणि त्यांच्या पाठींवर राणी रंगाचे ठिपके होते. माती ओली झाल्यावर त्या वेतांतून खाली उतरल्या होत्या. म्हाताऱ्या अखेर लाकडाच्याच. कोरडी फट, वर देवी, शेजारी काका. यापेक्षा चांगली सोय लॅबमध्येही नव्हती. आणि त्यांच्या पायाशी राजगिऱ्याच्या दाण्यांएवढी तपकिरी अंडी होती, ढिगानं.

गुणाबाईच्या हातात तपेलं होतं. पाण्याची वाफ तिच्या तोंडावर येत होती. एक हात कलला असता तर काम झालं असतं. जे रॉकेलनं राहून गेलं होतं, ते पाण्यानं पुरं झालं असतं. किशोरी श्वास रोखून उभी राहिली. "नको" म्हणायचं तिच्या ओठांवर आलं, पण ती बोलली नाही. आठ वर्षांपूर्वीही तिनं आईला न विचारता ठरवलं होतं. या वेळी ठरवायचं ते आईनंच.

गुणाबाईनं तपेलं खाली ठेवलं. मोरीत ओतलं नाही, लांब नेलं नाही, फक्त बाजूला ठेवलं.

"जित्या हायत का बग," ती म्हणाली.

किशोरी गुडघ्यांवर बसली, तोंड फटीपाशी नेलं आणि हळूच, उबदार श्वास सोडला. माणसाच्या श्वासाची चाहूल त्यांना चटकन लागते. एक क्षण काही झालं नाही. मग पहिलीनं पुढचे दोन पाय उचलले आणि हवेत चाचपले. मग दुसरीनं. मग सगळ्याच पाय हलवायला लागल्या. किशोरीला जे वाटलं ते तिला पुढं कुणालाच नीट सांगता आलं नाही. ती आईच्या खांद्यावर डोकं टेकून हसली, रडली, परत हसली, आणि गुणाबाईनं हळदीचा हात तिच्या केसांवरून फिरवला.

"रडतेस काय? हायत ना सगल्या?"

किशोरीनं मोजल्या. सहा होत्या. सातवी सापडली काकाच्या सतरंजीच्या शिवणीत, सगळ्यांत टपोरी. काकानं ती बोटावर घेऊन ओटीवर आणली. कडेवर नातू घेतल्यासारखी त्याची चाल होती. "ही माजी," तो म्हणाला. "मांडीवरचे दोनी चट्टे हिचेच."

सरांचा फोन आला तेव्हा किशोरी अंडी काचेच्या नळीत भरत होती. "सर, सातही आहेत," ती म्हणाली, "आणि ढिगानं अंडी घातलीत!" पलीकडे सर एवढ्या मोठ्यानं ओरडले, की काकालासुद्धा ऐकू गेलं. मग त्यांच्यातला शास्त्रज्ञ जागा झाला.

"एक मिनिट. अंडी घातली म्हणजे रक्त प्यायल्या. कोंबडी तर घरात नव्हती. कुणाचं रक्त? ते लिहावं लागेल प्रबंधात."

किशोरीनं काकाकडे बघितलं. काकानं टोपीतला तुरा सरळ केला.

"लिही," तो म्हणाला. "काळूराम घरत, मुक्काम कोन. उपवासाचं रगत हाय, सोवळ्यातलं."

गुणाबाई पाठमोरी होऊन हसली, पण तिचे खांदे हलत होते ते सगळ्यांना दिसलं.

दुपारी सोनं लुटून झालं. गुणाबाईनं चाळलेली माती उन्हात वाळवली, तिचे दोन भाग केले. एक भाग स्टीलच्या बरणीत भरून, झाकण घट्ट लावून देवघराच्या फळीवर ठेवला, पुढच्या वर्षीच्या घटासाठी. दुसरा भाग तिनं त्या जाळीच्या डब्यात घातला, हातानं सारखा केला आणि डबा लेकीपुढं सरकवला.

"यांना पन यांचीच माती लागंल."

किशोरीनं म्हाताऱ्या एकेक करून डब्यात सोडल्या. मातीत शिरताना शेवटची जरा रेंगाळली. गुणाबाई वाकून बघत होती. तिच्या कपाळावर आठी होती, पण राग नव्हता.

"आनि यांना म्हातारपन का येत नाय, ते कललं का तुला?"

"अजून नाय, आये. थोडं कललंय. आईकडून लेकीला येतं कायतरी."

"मंग कलेल तवा आदी मना सांग," गुणाबाई म्हणाली आणि झाकण लावलं. "आनि सगलं सांग. अर्दं नको."